गरजेपेक्षा जास्त उघडणारं झाकण: नागपुरातल्या एका उघड्या छपराच्या गाडीची दुरुस्ती

मे महिन्याचा दुसरा आठवडा. सकाळचे साडेआठ वाजले नव्हते आणि माझ्या गॅरेजच्या शटरच्या पत्र्याला हात लावला की चटका बसत होता. धरमपेठेतले एक काका गाडी घेऊन आले. जर्मन बनावटीची, दोन दारांची, कापडी हूडची, म्हणजे घडी होणाऱ्या छपराची, 2004 सालची. त्यांनी ती मुंबईहून सेकंडहँड घेतली होती आणि जीव लावून सांभाळली होती. गाडीतून उतरल्यावर त्यांनी आधी इंजिनाबद्दल काही सांगितलं नाही, मागच्या बाजूला घेऊन गेले. डिक्कीच्या पुढच्या कडेवर, डाव्या बाजूला, नखाएवढा रंग उडाला होता आणि खालचा राखाडी प्रायमर दिसत होता.

"हे झाकण फारच मागे जाऊन राहिलं रे. एका जागी दाखवलं, त्यांनी पट्टा बांधून दिला. आता झाकण लागत नाही, पण हूड अर्ध्यात अडकून राहते. आणि गंमत पाहा, सकाळी अडकते, दुपारी चालते."

हे शेवटचं वाक्य मी वहीत जसंच्या तसं लिहून घेतलं. गाडीवाला सहज बोलून जातो त्यात पुष्कळदा अर्धं निदान असतं.

ज्यांनी अशी गाडी जवळून पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. मागची सीट आणि डिक्की यांच्यामध्ये एक खण असतो, हूड घडी होऊन त्यात बसते. त्या खणावर गाडीच्याच रंगाचं एक मोठं झाकण असतं. त्याची बिजागरी मागच्या बाजूला असते, म्हणजे ते सीटकडून वर उचललं जातं आणि डिक्कीकडे कलतं. बटण दाबलं की काचा खाली जातात, हूडची मागची कमान वर उचलते, झाकणाचं लॉक सुटतं, झाकण उभं होतं, हूड खणात शिरते, झाकण परत बसतं. डाव्या-उजव्या बाजूला एकेक हायड्रॉलिक सिलिंडर, डिक्कीत एक पंप, आणि प्रत्येक टप्प्यावर 'माझं झालं' असं सांगणारा सेन्सर. आधीच्या टप्प्याचा निरोप आल्याशिवाय पुढचा टप्पा सुरू होत नाही. ही साखळी काही आजची नाही. 1957 ते 1959 या तीन वर्षांत फोर्डने अमेरिकेत स्कायलायनर नावाची गाडी काढली होती, तिचं अख्खं लोखंडी छप्पर डिक्कीत जायचं. तिचंही मोठं झाकण असंच मागे उघडायचं, आणि त्या सगळ्या मोटारी, रिले आणि स्विच जोडायला 610 फूट वायर लागायची. तेव्हा गाडीत संगणक नव्हता, पण तत्त्व हेच: एकाचा निरोप आला की दुसऱ्याने हलायचं.

पट्टा

आधी पट्टा तसाच ठेवून एकदा चालवून पाहिलं. बॅटरीला चार्जर लावला, कारण व्होल्टेज पडलं की या हूड मध्येच थांबतात आणि मग आपण भलत्याच ठिकाणी दोष शोधत बसतो. बटण दाबलं. झाकण उचललं, पट्टा ताणला गेला, झाकण तिथेच थरथरलं. पंपाचा आवाज मात्र थांबेना. जड पोतं ओढणाऱ्या माणसाच्या श्वासासारखा तो आवाज चढत गेला, मग डॅशबोर्डवर पीप वाजला आणि सगळं बंद.

पट्टा नायलॉनचा, सामान बांधायला वापरतात तसा, झाकणाच्या मधोमध आतल्या बाजूने स्क्रूने धरलेला. ज्याने बांधला त्याने काम मन लावून केलं होतं, टोकं जाळून गुळगुळीत केली होती. पण तो पट्टा झाकणाला अशा जागी थांबवत होता जिथे 'उघडलं' हा निरोप अजून तयारच झालेला नसे. सकाळी पट्टा घट्ट असायचा, निरोप जायचा नाही, हूड अडकायची. दुपारी गाडी उन्हात तापली की नायलॉन जरा ढिलं पडायचं, झाकण बोटभर जास्त जायचं, निरोप जायचा आणि हूड चालायची. काकांच्या 'सकाळी अडकते, दुपारी चालते'चं उत्तर इथे मिळालं. उरला तो मूळ प्रश्न: पट्टा नसताना झाकण मर्यादेपलीकडे का जातं?

पट्टा काढला. डिक्कीवर चारपदरी गोधडी टाकली आणि हाताखालच्या पोराला झाकणाच्या बाजूला उभं केलं. हात आत घालायचा नाही हे त्याला दोनदा बजावलं. बिजागरीच्या फटीत बोट सापडलं तर हायड्रॉलिकला ते कळत नाही, तो तेवढ्याच जोराने दाबत राहतो. पुन्हा बटण दाबलं. झाकण उभं झालं, थोडं मागे कललं, आणि डावी बाजू गोधडीत रुतली. उजवी बाजू डिक्कीपासून दूरच होती. म्हणजे झाकण सरळ जास्त उघडत नव्हतं, पिळून जास्त उघडत होतं.

सेन्सर थांबवत नाही, कळवतो

अशा वेळी बहुतेकांचा हात आधी सेन्सरकडे जातो. विचार साधा असतो: सेन्सर उशिरा सांगतो, म्हणून पंप उशिरा थांबतो, म्हणून झाकण जास्त जातं. माझ्या आधी ज्याने गाडी पाहिली त्यानेही हाच विचार केला असावा. उजव्या बिजागरीजवळच्या सेन्सरच्या स्क्रूवर कंपनीने ओढलेली पिवळी रंगाची रेघ असते, अर्धी स्क्रूच्या डोक्यावर, अर्धी पट्टीवर. ती रेघ तुटली होती. स्क्रू सोडून सेन्सर दोन-तीन मिलिमीटर पुढे सरकवून पुन्हा आवळला होता. म्हणजे निरोप लवकर जावा, झाकण लवकर थांबावं.

मी स्कॅनर लावून झाकणाची हालचाल आणि निरोप एकाच वेळी पाहिले. 'झाकण उघडलं' हा निरोप वेळेवर, किंबहुना वेळेआधीच येत होता. निरोप आल्यावरही झाकण पुढे जातच होतं.

याचं कारण या गाडीच्या हायड्रॉलिकच्या रचनेत आहे. निरोप आल्यावर झाकणाच्या सिलिंडरचा दाब सुटत नाही, तो तसाच राहतो. हूड खणात उतरत असताना वाऱ्याने किंवा गाडी चढावर असल्याने झाकण खाली पडू नये म्हणून त्याला दाबून धरलेलं असतं. म्हणजे झाकण कुठे थांबायचं हे सेन्सर ठरवतच नाही. तो फक्त हूडला सांगतो की आता ये. झाकणाला थांबवतो तो बिजागरीतला लोखंडी अडथळा आणि त्यावरची रबराची टोपी. सेन्सर कितीही सरकवला तरी झाकण एक केसही कमी उघडणार नव्हतं.

उलट त्यातून नवं संकट उभं राहिलं होतं. निरोप लवकर गेल्याने झाकण पूर्ण उघडायच्या आधीच हूड खणाकडे निघायची. झाकणाच्या आतल्या कडेवर हूडच्या सांगाड्याने ओढलेला चंदेरी ओरखडा होता, करंगळीएवढा लांब. अजून काही महिने असंच चाललं असतं तर सांगाड्याची कमान वाकली असती, आणि ती सरळ करणं म्हणजे अख्खी हूड उतरवणं.

मेकॅनिकांना मला कळकळीने सांगावंसं वाटतं: कुठलीही वस्तू हद्दीबाहेर गेली तर तिला अडवायला काय होतं ते आधी शोधा. ती किती हलते हे सांगणारी वस्तू नंतर. या दोन वस्तू शेजारी असतात आणि एकच काम करतात असं वाटतं, म्हणून फसगत होते.

ओळंबा

पिळवटणं डोळ्याला दिसत होतं, पण मला आकडा हवा होता. अँगल मोजायचं डिजिटल यंत्र माझ्याकडे आहे, ते चुंबकाने चिकटतं आणि हे झाकण लोखंडाचं नाही. शेजारी एका घराचं बांधकाम चालू होतं, तिथल्या गवंड्याकडून ओळंबा मागून आणला. गाडीची चारही चाकं पाण्याच्या नळीने लेव्हल करून घेतली, कारण माझ्या शेडच्या जमिनीला गटाराकडे उतार आहे. छताच्या अँगलला दोरा बांधून ओळंबा झाकणाच्या वरच्या डाव्या कोपऱ्याजवळ सोडला, मग उजव्या. दोन्ही वेळा दोरा गाडीच्या मागच्या धुरीपासून सारख्याच अंतरावर ठेवला. दोऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतचं अंतर पट्टीने मोजलं.

डावा कोपरा उजव्यापेक्षा 18 मिलिमीटर जास्त मागे होता.

एवढ्या मोठ्या झाकणात दोन-तीन मिलिमीटर फरक असू शकतो. 18 म्हणजे एका बाजूला कोणीतरी अडवायला आहे आणि दुसऱ्या बाजूला नाही.

मग डाव्या बाजूचं ट्रिम काढलं. या वयाच्या गाडीत प्लास्टिकच्या क्लिपा मोडतात, म्हणून हेअर ड्रायरने पॅनल कोमट करून घेतलं, तरी दोन मोडल्याच. पंपावरचा बायपास स्क्रू सोडून दाब उतरवला, झाकण हाताने उभं केलं आणि सागाच्या दोन ठोकळ्यांवर टेकवलं. टॉर्च घेऊन बिजागरीच्या खोबणीत पाहिलं.

खोबणीत चिखल होता. वाळलेला, तडकलेला, आणि त्यात कडुनिंबाच्या काड्या आणि चुरलेली पानं. काकांच्या घरासमोर मोठा निंब आहे, गाडी वर्षानुवर्षं त्याच्या सावलीत उभी असते. नागपूरच्या उन्हात त्यांनी तसं केलं यात काहीच चूक नाही. पण हूडच्या खणाला पाणी काढून द्यायला कोपऱ्यांत बारीक नळ्या असतात, डावीकडची नळी पानांनी बुजली होती. पावसाळ्यात पाणी तिथेच साचायचं, हिवाळ्यात सुकायचं, उन्हाळ्यात भाजून निघायचं. अडथळ्याच्या बोल्टवर रबराची टोपी असायला हवी होती. तिथे नुसतं लोखंड होतं, तांबूस गंजाचं, आणि खाली खोबणीत काळा चुरा. बोटावर घेतला तर काळ्या तिळाच्या चटणीसारखा, दाबला तर पीठ. हीच ती टोपी.

उजवीकडची टोपी जागेवर होती. काढून पाहिली तर लाकडासारखी कडक झालेली, आणि मधोमध बिजागरीच्या नाकाचा गोल खळगा. व्हर्नियरने कडेची जाडी मोजली, 4.1 मिलिमीटर. खळग्यात 2.6.

चार मिलिमीटर रबर गेलं म्हणून एवढं मोठं झाकण डिक्कीवर कसं आपटेल, असं काकांनी विचारलं. प्रश्न रास्त होता. मी खडूने जमिनीवर काढून दाखवलं. बिजागरीच्या खिळ्यापासून तो अडथळा 40 मिलिमीटरवर आहे. झाकणाची वरची कड त्याच खिळ्यापासून 520 मिलिमीटरवर, म्हणजे तेरापट लांब. अडथळ्याजवळ 1 मिलिमीटर कमी झालं की वरच्या कडेला 13 मिलिमीटर जास्त हलतं. आणि जिथे झाकण डिक्कीला लागतं ती जागा खिळ्यापासून 120 वर, तिथे तिप्पट. उजवीकडे दीड मिलिमीटरचा खळगा पडला, म्हणजे डिक्कीजवळ साडेचार मिलिमीटर. डावीकडे अख्खं रबर गेलं, म्हणजे 12 मिलिमीटर. झाकण बऱ्यापैकी ताठ आहे, उजवी बाजू त्याला मागे धरून होती, म्हणून प्रत्यक्षात बारा नाही झाले, नऊ-साडेनऊ झाले असावेत. मोकळी जागा त्याहून जेमतेम कमी होती. म्हणूनच ठोकर मोठी नव्हती, रोज थोडा थोडा रंग खाणारी होती.

काका बराच वेळ त्या खडूच्या रेघांकडे पाहत उभे होते. "म्हणजे एवढ्याशा रबराने सगळं धरलं होतं," म्हणाले.

काय बसवायचं

ती टोपी सुटी मिळत नाही. अख्खी बिजागरी घ्यावी लागते, ती बाहेरून मागवायची, कस्टम ड्यूटी धरून रक्कम सहज हजारांच्या घरात जाते आणि महिनाभर गाडी उभी. बिजागरीची बुशिंग मी तपासली, हाताने हलवली तर खेळ नव्हता. खाच किंवा तडा नव्हता. सिलिंडरच्या दांड्या कोरड्या होत्या, तेल गळत नव्हतं. बिजागरीला तडा असता तर मी एक क्षणही विचार न करता नवीनच मागवायला सांगितलं असतं. एवढ्या दाबाखाली डोक्याजवळ हलणाऱ्या लोखंडात जुगाड चालत नाही. इथे फक्त रबर गेलं होतं.

एका ओळखीच्या वेल्डरने सुचवलं, बोल्टवर चार मिलिमीटरचा टाका मारून दे, विषय संपला. मी नाही म्हटलं. लोखंडावर लोखंड आदळलं की तो धक्का बिजागरीच्या खिळ्यात जातो, आज ना उद्या तिथे खेळ येतो. शिवाय खोबणीपासून चार बोटांवर हायड्रॉलिकचा पाइप आणि वायरिंग आहे.

माझी पहिली निवड चुकली. दुचाकीच्या स्टँडचं रबर माझ्याकडे पडलेलं होतं, ते कापून मापात बसवलं. संध्याकाळी चालवून पाहिलं, झाकण डिक्कीला लागलं नाही, सगळे खूश. दुसऱ्या दिवशी गाडी मुद्दाम दिवसभर उन्हात ठेवली, चार वाजता पुन्हा चालवली. ओळंब्याला पुन्हा 11 मिलिमीटरचा फरक. रबर मऊ होतं, उन्हात आणखी मऊ झालं, आणि सिलिंडरच्या दाबाखाली चपटं झालं ते झालंच. ज्या कामासाठी ते रबर बनलं होतं त्या कामाला ते चांगलंच होतं. इथे मात्र त्याला पंपाचा दाब सतत सोसायचा होता.

मग नीट विचार केला. साधं रबर ऊन आणि हवेतल्या ओझोनने तडकतं. नायट्राइल रबर तेलाला टिकतं, पण ऊन-ओझोन त्याला मानवत नाही. ईपीडीएम नावाचं रबर उन्हाला उत्तम, म्हणूनच दारांच्या बीडिंग त्याच्या असतात, पण खनिज तेल लागलं की ते फुगतं, आणि इथे कधीकाळी सिलिंडर गळला तर तेल थेट टोपीवर येणार. पॉलियुरेथेन तेलाला टिकतं, दाबाला टिकतं, झिजत कमी. पण त्यातही दोन जाती: पॉलिएस्टरची आणि पॉलिईथरची. पॉलिएस्टर जातीचं पॉलियुरेथेन ओल्यात आणि उष्णतेत हळूहळू सडतं, चिकट होऊन तुटतं. ज्या खोबणीत पाणी साचून गेलंय तिथे ते बसवणं म्हणजे पाच वर्षांनी हाच खेळ. पॉलिईथर जात पाण्याला टिकते.

हिंगणा एमआयडीसीत एका लेथवाल्याकडे पॉलिईथर पॉलियुरेथेनची 25 मिलिमीटरची कांडी मिळाली, शोअर ए स्केलवर 90 कडकपणाची. नखाने दाबली तर नख उमटत नाही, पण हातोडीने हळूच मारली तर उसळते. त्यांनी दोन टोप्या कातून दिल्या. हे मटेरियल लेथवर घेताना हत्यार धारदार लागतं, नाहीतर ते कापलं जात नाही, फाटतं. त्यांनी नवीन टिप लावून, सावकाश, पाणी सोडत घेतलं. तोंडाची जाडी 4.0 मिलिमीटर, आतला व्यास बोल्टच्या डोक्यापेक्षा अर्धा मिलिमीटर कमी, म्हणजे ताणून बसेल आणि निघणार नाही. दोन टोप्यांचे सहाशे रुपये झाले.

दोन्ही बाजूंना नवीन बसवल्या. उजवी जुनी चालली असती असं पोराचं म्हणणं होतं. एक नवी आणि एक खळगा पडलेली बसवली तर झाकण आता उलट्या बाजूला पिळलं असतं.

बसवणं

इथे क्रमाला फार महत्त्व आहे. आधी झाकण बंद असताना ते आजूबाजूच्या पत्र्याशी बरोबर बसतं का ते पाहिलं. फट दोन्हीकडे सारखी, उंची सारखी, म्हणजे बिजागरीचे मुख्य बोल्ट कुणी हलवले नव्हते. ते नशीबच म्हणायचं. मग गंज घासून काढला, बोल्टला जस्ताचा प्रायमर लावला, टोप्या चढवल्या. अडथळ्याचा बोल्ट चेकनटने पुढे-मागे करता येतो, पण डावीकडचा मी मुद्दाम हलवला नाही. कंपनीने तो जिथे आवळला होता तिथेच त्याच्या आट्यांवर जुना रंग होता. जिथे मूळ खूण शाबूत आहे तिथे आपली अक्कल चालवू नये, असं मी मानतो.

मोकळी जागा मोजायला कणकेचा गोळा वापरला. घरून डब्यासोबत मागवला होता. डिक्कीच्या कडेवर प्लास्टिकचा कागद, त्यावर लिंबाएवढी कणीक, त्यावर पुन्हा कागद. झाकण पूर्ण उघडलं, थांबलं, परत बंद केलं, आणि दबलेली कणीक सुरीने मधोमध कापून जाडी मोजली. डावीकडे 8 मिलिमीटर, उजवीकडे 9. ओळंब्याला दोन कोपऱ्यांत 2 मिलिमीटरचा फरक उरला.

तो फरक मी तसाच ठेवला. महिनोन्महिने एका बाजूने धरलं आणि दुसऱ्या बाजूने ढकललं, वर मधोमध पट्ट्याने ओढलं, त्यामुळे झाकणाला कायमचा थोडा पीळ बसला आहे. डावीकडचा बोल्ट फिरवून आकडे सारखे दाखवता आले असते. पण मग दोन अडथळे एकाच वेळी टेकले नसते, सगळा दाब पुन्हा एका बाजूवर आला असता. टोप्यांवर खडूची पूड लावून पाहिलं होतं, दोन्हीकडे ठसा सारखा उमटला. मला तो ठसा ओळंब्यापेक्षा मोलाचा वाटला.

सेन्सर सगळ्यात शेवटी. पट्टीवर पिवळ्या रंगाचा उरलेला अर्धा तुकडा होता, स्क्रूच्या डोक्यावरचा अर्धा तुकडा त्याच्याशी जुळवला की सेन्सर आपोआप मूळ जागी येतो. स्कॅनरवर पाहिलं: झाकण टोप्यांना टेकायच्या किंचित आधी निरोप, मग हूडची हालचाल. पंपाचा आवाज आता चढून विरत नव्हता, एका सुरात यायचा आणि थांबायचा.

पाण्याच्या नळ्या गवत कापायच्या यंत्राच्या नायलॉन दोरीने मोकळ्या केल्या. कॉम्प्रेसरची हवा तिथे मारू नये, नळी आतल्या सांध्यातून निघाली तर पाणी थेट गाडीच्या पोटात जातं आणि ते महिनोन्महिने कळत नाही. डाव्या नळीतून निघालेला पानांचा गोळा काकांना दाखवला. त्यांनी तो कागदात बांधून घरी नेला, घरच्यांना दाखवायला.

हूड लागोपाठ वीस वेळा उघड-बंद केली, मध्ये मध्ये पंप गार होऊ देत. मग काटोल रोडने एक फेरी मारली, हूड बंद करून, गतिरोधकांवरून मुद्दाम जरा जोरात. झाकणाचा काहीच आवाज नव्हता.

जूनच्या शेवटी, पहिल्या जोरदार पावसानंतर काका गाडी घेऊन आले. खोबणीत ओल होती पण पाणी साचलं नव्हतं. डिसेंबरात पुन्हा आले, तेव्हा टोप्या काढून मोजल्या. डावीकडे खळगा 0.1 मिलिमीटर, उजवीकडे तेवढाच. कणकेत पुन्हा 8 आणि 9. उडालेल्या रंगाला टचअप करून देतो म्हटलं तर ते आधी नको म्हणाले, मग जरा थांबून म्हणाले, "कर बाबा, तिथूनही गंज चढेल." दोन हजार नंबरच्या पेपरने घासून, प्रायमर-रंग-लॅकर असे तीन हात देऊन ती जागा भरली. जवळून पाहिलं तर अजून कळते.

गाडी अजूनही त्याच निंबाखाली उभी असते. दर रविवारी ते झाकण उघडून ब्रशने दोन्ही खोबणी झाडतात.